नावं ठेवणारी गल्ली

विद्यापीठाच्या मागच्या भिंतीला चिकटून एक गल्ली होती. आपल्या घराचं कौतुक आपण करायचं नाही, हे तिथे कुणाला शिकवावं लागत नसे. दुसऱ्याच्या घराची तोंड भरून स्तुती करायची आणि आपल्या घराला नावं ठेवायची, ही तिथली बोलायची रीत. पाहुणा उंबऱ्यात आला की "या, या"च्या पाठोपाठ "जपून बसा हं, खुर्ची कधी दगा देईल नेम नाही" हे आलंच. खुर्ची चांगली धडधाकट असे. पाहुणाही गल्लीतलाच असला तर म्हणे, "निदान खुर्ची तरी आहे तुमच्याकडे. आमच्याकडे पायरीवर बसवतात." मग छपराची गळती निघे, नळाची करंगळीएवढी धार निघे, उंदीर निघत, आणि ज्याचे उंदीर जास्त माजलेले तो जिंकला. एका भाडेकरूने एकदा खिडक्यांना नवा रंग दिला आणि चारचौघांत विचारलं, "छान दिसतोय ना?" तो पुढे गल्ली सोडून गेला, तरी लोक त्याची आठवण जरा आवाज खाली आणूनच काढत.

या कलेत बाइंडरचा हात धरणारा कुणी नव्हता. पुस्तकं बांधणं हा त्याचा धंदा, म्हणून सगळी गल्ली त्याला बाइंडर म्हणे. खरं नाव काय ते मतदानाच्या दिवशीच बाहेर निघायचं. पुढच्या खोलीत त्याचं दुकान होतं. कागद कापायचं अवजड यंत्र, दाबाचा प्रेस, पुठ्ठ्यांची चळत, रेक्झिनचे गुंडाळे, आणि या सगळ्यातून उरेल तेवढ्या जागेत तो स्वतः. विद्यापीठात कुणाचा प्रबंध लिहून झाला की तो माणूस भिंतीतल्या छोट्या फाटकातून थेट त्याच्याकडे येई. "अर्ध्या विद्यापीठाची अक्कल मी दोऱ्याने शिवून ठेवलीय," तो म्हणे, "नाहीतर केव्हाच सुटून रस्त्यावर पडली असती."

मागच्या दोन खोल्यांत तो आणि त्याची थोरली बहीण आक्का राहत. नवरा गेल्यावर आक्का माहेरी परत आली ती कायमची. भावाने लग्न केलं नाही, विचारलं तर म्हणे, "या घरात कोण मुलगी देईल? घर बघूनच पळून जायची." आक्काने त्याला लहानाचा मोठा केला होता आणि केस पांढरे झाले तरी त्याला बाळ म्हणायचं सोडलं नव्हतं. मग तिची दृष्टी अधू होत होत पार गेली. डॉक्टर झाले, ऑपरेशन झालं, शेवटी दोघांनीही नाद सोडला.

पण आक्का काही कुणावर ओझं होऊन बसली नाही, आणि याचं श्रेय त्या घराला द्यायला हवं. पलंगावरून उठली की डाव्या हाताला भिंतीचा गिलावा फुगला होता, तिथून वळायचं. एक फरशी खचलेली होती, पायाला ती लागली की स्वयंपाकघर सुरू झालं. मोरीच्या चौकटीचा टवका उडालेला, त्यावर अंगठा टेकवला की पुढे पायरी. पुढचं दार कुरकुरे, त्यावरून तिला कोण आलं तेसुद्धा कळे, कारण जो तो आपापल्या तऱ्हेने दार ढकलतो. बाइंडर घराच्या ज्या ज्या गोष्टींना नावं ठेवी, त्या सगळ्या तिच्या वाटेवरच्या खुणा होत्या. ती चहा करी, भाजी चिरी, दुकानासाठी खळ शिजवी आणि दुपारभर भावाशेजारी बसून सुई-दोऱ्याने पानं शिवत असे. गिऱ्हाइकाला कळतही नसे की या बाईंना दिसत नाही. एकदा एका प्राध्यापकाने तिला "जरा हे वाचून बघा" म्हणून कागद पुढे केला होता. त्यावर बहीण-भाऊ आठवडाभर हसत होते.

तर अशी गल्ली, आणि ती विद्यापीठाला हवी होती.

भिंतीपलीकडे नवी प्रयोगशाळा बांधायची होती आणि जागा पुरत नव्हती. विद्यापीठाने सरकारकडे मागणी केली, गल्लीने हरकत घेतली, आणि प्रकरण चिघळलं. गल्लीच्या बाजूने उभे राहिले निवृत्त पोस्टमास्तर. गंभीर माणूस. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं पोचवून आता त्यांना स्वतःचं काही म्हणणं पोचवायची संधी मिळाली होती. सरकारने एक अधिकारी नेमला. तो म्हणाला, गल्लीतल्या लोकांचं खरोखर काय म्हणणं आहे याचा अभ्यास होऊ द्या, मग सुनावणी घेऊ. आणि अभ्यास कुणी करायचा? तर विद्यापीठाच्याच समाजशास्त्र विभागाने.

"म्हणजे ज्याला ताट हवंय, त्यालाच वाढायला बसवलंय," पोस्टमास्तर बाइंडरच्या पायरीवर बसून म्हणाले.

"असू द्या हो," बाइंडर म्हणाला. "तिथली पोरं इथेच भाड्याने राहून शिकली, आपल्यासमोर मोठी झाली. ती काय आपल्या मुळावर उठतील?"

गल्लीला खरंच तसं वाटत होतं. विद्यापीठ म्हणजे गल्लीचं अन्न. शेजारची शिंपीण पदवीदानाचे झगे शिवत होती, वरच्या मजल्यांवर विद्यार्थी राहत होते. भांडण इमारतीशी होतं, इमारतीतल्या माणसांशी नव्हतं.

अभ्यासाला आली ती एक तरुण प्राध्यापिका. परगावची, बारीक आवाजाची, चालताना रस्त्यातल्या कुत्र्यालाही वाट देणारी. हातात आवाज टिपायचं छोटं यंत्र असे, म्हणून गल्लीने पहिल्याच दिवशी तिचं नाव टेपवाली ठेवलं. तिचा स्वतःचा प्रबंध बाइंडरनेच बांधला होता, त्यामुळे ती त्याच्याकडे आली ती ओळखीने, हसत. आक्काने दाराच्या आवाजावरून ओळखलं आणि चहाचं आधण ठेवलं.

"काका, रेकॉर्ड केलं तर चालेल?"

"चालेल की. आमची बडबड ऐकून तुमचं मशीन बिघडलं तर मात्र मी जबाबदार नाही."

"या घराबद्दल तुम्हाला काय वाटतं, ते सांगा. मोकळेपणाने."

आता बाइंडरला कुणी असं विचारायचं म्हणजे संपलंच. त्यातून समोर पाहुणी, ऐकायला उत्सुक. त्याने हातातली दाभण खाली ठेवली, मांडी सावरली.

"घर कसलं बाई, बोगदा आहे बोगदा. दुपारी बारा वाजता दिवा लावल्याशिवाय मला माझाच हात दिसत नाही. मी पुस्तक बांधतोय की स्वतःचं बोट, ते रक्त आल्यावर कळतं." टेपवाली हसली. तिच्या हसण्याने त्याला आणखी चेव आला. "भिंत बघा ही. गरोदर आहे. कधी बाळंत होईल सांगता येत नाही. आणि उंदीर! आमच्याकडचे उंदीर पण आता नातेवाइकांकडे राहायला गेले, म्हणाले इथे माणसाने राहावं, उंदराने नाही."

"तुमच्या बहिणीला त्रास होत असेल ना इथे?" टेपवालीने हळू विचारलं.

"आक्काचं बरंय हो. तिला दिसत नाही. माझे डोळे मेले धड आहेत, म्हणून मला हे बघत बसावं लागतं."

आत चहा गाळता गाळता आक्का खुदकन हसली. हा विनोद मूळचा तिचाच. भावाने तो उसना घेतला होता. ती तिथूनच म्हणाली, "या भिंती चाचपून चाचपून माझे हात झिजले बाई. आता मेले तरी ही भिंत काही मला सोडायची नाही."

"मग दुसरीकडे जागा मिळाली तर जाल?"

"जाल म्हणजे?" बाइंडर म्हणाला. "उद्या कुणी म्हणालं की ऊठ, तर चपला घालायलासुद्धा थांबणार नाही मी."

टेपवाली पुन्हा हसली, चहा प्यायली, चहाचं कौतुक केलं. आक्का म्हणाली, "कसला मेला चहा, पाणी नुसतं." टेपवालीने तेही टिपून घेतलं असणार. ती गेल्यावर बाइंडर बराच वेळ खुशीत होता. मुलगी चांगली आहे, म्हणाला, जाण आहे तिला. मग ती शिंपिणीकडे गेली, वरच्या मजल्यावर गेली, घरोघरी गेली. पोस्टमास्तरांनी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं की विद्यापीठाचं माणूस विचारायला येईल, मोकळेपणाने बोला. सगळी गल्ली मोकळेपणाने बोलली.

सुनावणी विद्यापीठाच्या सभागृहात होती. आक्का आली नाही. अनोळखी जागी तिला धरून न्यावं लागे आणि ते तिला आवडत नसे. बाइंडर इस्त्रीचा सदरा घालून गेला. पुढच्या रांगेत पोस्टमास्तर, मग शिंपीण, मग तो. मंचावर अधिकारी, विद्यापीठाचे कुलसचिव, आणि कडेला टेपवाली.

पोस्टमास्तर चांगले बोलले. गल्लीतलं कुणीही जागा सोडायला तयार नाही, लोक इथे सुखात आहेत, असं त्यांनी ठासून सांगितलं. अधिकाऱ्याने मान हलवली आणि टेपवालीला खूण केली. ती उठली, म्हणाली की लोकांच्या वतीने आपण बोलण्यापेक्षा लोकांनाच बोलू द्यावं. आणि तिने आवाज लावले.

पहिला आवाज शिंपिणीचा निघाला. "जिना? तो काय जिना आहे? चढताना देव आठवतो आणि उतरताना पूर्वज." सभागृहात गल्लीची माणसं होती, ती हसली. शिंपिणीने लाजून तोंडाला पदर लावला. मग वरच्या मजल्यावरचे आजोबा त्यांच्या नळाबद्दल बोलले, लोक आणखी हसले. आणि मग बाइंडरचा स्वतःचा आवाज आला, मोठा होऊन, चारी भिंतींवरून. घर कसलं बाई, बोगदा आहे बोगदा. लोक इतके हसले की पुढची दोन वाक्यं ऐकूच आली नाहीत. बाइंडरने मागे वळून पाहिलं. खोटं कशाला सांगा, त्याला बरं वाटलं. एवढं मोठं सभागृह त्याला आयुष्यात कधी मिळालं नव्हतं.

मग त्याने मंचाकडे पाहिलं. तिथे कुणीच हसत नव्हतं. अधिकारी लिहीत होता. कुलसचिवांनी कपाळाला हात लावला होता, एखाद्याचं दुःख ऐकवत नसलं की माणूस लावतो तसा. टेपवालीचे डोळे खाली होते.

"आक्काचं बरंय हो. तिला दिसत नाही," त्याचाच आवाज म्हणाला. आणि मग आक्काचा, आतून, लांबून आलेला: भिंती चाचपून चाचपून माझे हात झिजले बाई.

आता गल्लीतलंही कुणी हसेना. स्वयंपाकघरातून आलेला तो आवाज त्यांनी कितीदा ऐकला असेल, पण इथे, या उंच छताखाली, तो एका अडकून पडलेल्या आंधळ्या म्हातारीचा आवाज वाटत होता. बाइंडरलाही तसाच वाटला. ते त्याला सर्वांत जास्त लागलं. आणि शेवटी ते चपलांचं वाक्य आलं, आणि टेपवालीने यंत्र बंद केलं.

बाइंडर उभा राहिला. कुणी बोलावलं नव्हतं, तरी उभा राहिला.

"साहेब, ते आमच्याकडे तसं बोलायची पद्धत आहे."

"म्हणजे?" अधिकारी सौम्यपणे म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता.

"म्हणजे… आपल्या घराला आपण नावं ठेवतो. ते खरं नसतं."

"तुम्ही मुलाखतीत खोटं सांगितलंत?"

"खोटं नाही साहेब. भिंत फुगलीय, ते खरंय."

"फरशी?"

"खचलीय."

"अंधार असतो?"

"असतो. पण त्याचं काही नाही हो. तिला त्या फुगलेल्या भिंतीवरूनच कळतं—" तो अडखळला. समोरच्या चेहऱ्यावर त्याला दिसलं की हे आणखी वाईट ऐकू जातंय.

"मग खरं काय ते तुम्ही आता सांगा," अधिकारी म्हणाला. "शांतपणे. तुमच्या घरात चांगलं काय आहे?"

शिंपिणीने त्याच्या सदऱ्याचं टोक धरलं. सांगा ना, ती पुटपुटली. बाइंडरने तोंड उघडलं. त्याला सगळं दिसत होतं: दुपारी दोघं शेजारी बसलेली, सुई वर जाते, खाली येते, खळीचा वास, आक्का चहाला उठते, तिचा हात भिंतीवरून सरकत जातो, आणि ती कुठेही थांबत नाही, कुणालाही विचारत नाही. पण हे कोणत्या शब्दांत सांगायचं असतं? आपल्या घराबद्दल चांगलं बोलायचे शब्द त्याने जन्मात वापरले नव्हते. चारचौघांत तर नाहीच. जिभेला वळणच नव्हतं.

"तसं काही खास नाही साहेब," तो म्हणाला. "पण… आपलं आहे."

"धन्यवाद," अधिकारी म्हणाला. "बसा."

पोस्टमास्तर परत उभे राहिले, हातवारे करून बोलले, पण त्यांच्याकडे आता सगळे लोकांचा शब्द दाबणारा पुढारी म्हणून पाहत होते. आणि गंमत अशी की परतताना गल्लीतलेही काहीजण कुजबुजले, मास्तरांना काय, त्यांच्याकडे गळती नाही.

घरी आल्यावर बाइंडर उंबऱ्याशीच थबकला. दार कुरकुरलं.

"आलास?" आक्का म्हणाली. "काय झालं तिकडे?"

"टेप लावली."

"अगं बाई. माझाही आवाज होता?"

"होता."

"हसले का लोक?"

"हसले," बाइंडर म्हणाला.

आक्काच्या तोंडावर हसू पसरलं. ते त्याने पुरतं पसरू दिलं, घाई केली नाही. मग बाकीचं सांगितलं. आक्का ऐकत राहिली, हातातली सुई तशीच. मग म्हणाली, "असं कसं रे? चहा पाणी आहे म्हटलं तर ती पोर खरंच पाणी समजून प्यायली?"

निकाल आला. गल्लीतल्या रहिवाशांच्या स्वतःच्या शब्दांत व्यक्त झालेल्या हालअपेष्टा लक्षात घेऊन, असं त्यात म्हटलं होतं. सगळ्यांना विद्यापीठाने बांधलेल्या नव्या इमारतीत घरं मिळणार होती. दृष्टिहीन वृद्धेचा उल्लेख खास होता, तिच्यासाठी लिफ्टच्या जवळचं घर. कुणाला रस्त्यावर काढलं नव्हतं, कुणाला फसवलं नव्हतं. भांडायला समोर माणूसच उरला नाही.

टेपवाली एकदा आली. दुकानात सामान बांधून ठेवलं होतं. कागद कापायचं यंत्र विकून टाकलं होतं, कारण नव्या घरात धंदा करायला परवानगी नव्हती. ती दारातच उभी राहिली.

"काका, मला नंतर शिंपीणबाईंनी सांगितलं. तुम्ही सगळे असंच बोलता म्हणून. मी पुरवणी लिहून दिली, वरपर्यंत जाऊन आले. त्यांनी ती जोडून घेतली. पण तोवर…" तिने बांधलेल्या सामानाकडे पाहिलं. "तुम्ही तेव्हाच मला सांगायचं होतंत."

"तुम्ही हसत होतात बाई," बाइंडर म्हणाला. "मला वाटलं, कळलंय तुम्हाला."

"मी हसत होते कारण मला ऐकवत नव्हतं. इतक्या हालात राहून तुम्ही हसवताय, मग मी रडायचं कसं?" तिचे डोळे भरून आले. "तुमच्या भल्यासाठीच केलं हो मी."

बाइंडरला ते माहीत होतं. तिच्यावर चिडता आलं असतं तर त्याला जरा मोकळं वाटलं असतं. त्याने खुर्ची पुढे सरकवली, आणि सवयीने तोंडावर आलेलं वाक्य आतल्या आत गिळलं. "बसा," एवढंच म्हणाला. ती बसली नाही.

नवं घर खरोखर चांगलं होतं. भिंती सरळ, पांढऱ्या, हात लावला तर काच वाटावी अशा. फरशी इथून तिथवर एकसारखी. सगळी दारं एकाच मापाची, एकाच धाटणीची, आणि त्यांचा आवाज म्हणून येत नसे. आक्का पहिल्या दिवशी उत्साहाने निघाली, भिंतीला हात लावून चालली, आणि स्वयंपाकघर समजून कपड्यांच्या कपाटात शिरली. दोघं हसली. दुसऱ्या दिवशी ती बाल्कनीत गेली, कठडा हाताला लागला तेव्हा थांबली. त्यावर कुणी हसलं नाही. मग बाइंडरने भिंतीवर दोरी बांधून पाहिली. खिळे ठोकायचे नाहीत असा नियम होता, चिकटपट्टीने लावलेली दोरी सुटून यायची. दाराच्या मुठींना वेगवेगळ्या चिंध्या बांधल्या. पण बहिणीचं वय झालं होतं, आणि नवी वाट शिकायला जो धीर लागतो तो ती जुन्या घरातच ठेवून आली होती. आता ती पाणी मागे. मोरीकडे जायचं असलं की हाक मारी. हाक मारायच्या आधी बराच वेळ गप्प बसलेली असे, ते बाइंडरला कळे. चहा तो करी. ती पलंगाच्या कडेला बसून राही, दोन्ही हात मांडीवर, काम नसलेले.

शिंपीण तिसऱ्या मजल्यावर होती, पोस्टमास्तर आणखी वर. लिफ्टमध्ये भेट होई. "कसं काय नवीन घर?" "छान आहे. तुमचं?" "छान आहे." एवढ्यात मजला येई. गल्ली म्हणून जे काही होतं ते या दोन शब्दांत आटोपलं होतं. नावं ठेवायची कुणाची छाती नव्हती. एकदा बोलून बसलो, घरं गेली. आता पुन्हा बोललो तर न जाणो, इथूनही उठवतील. विद्यापीठाची माणसं मध्ये येऊन विचारून गेली, समाधानी आहात ना? सगळ्या इमारतीने एका सुरात सांगितलं, फार छान आहे. विभागात म्हणे त्याचं कौतुक झालं.

एका संध्याकाळी बाइंडर भाजी निवडत बसला होता. जिन्यात कुणाची तरी पावलं वाजत होती. वारा यावा म्हणून दार उघडं ठेवलेलं.

"बाळ," आक्का म्हणाली.

"काय हवंय? पाणी?"

"पाणी नको. या घराला जरा नावं ठेव ना."

त्याने जुडीतलं आणखी एक पान खुडलं.

"किती दिवसांत तुझं बोलणं ऐकलं नाही," ती म्हणाली. "पूर्वी तू बोललास की मला सगळं दिसायचं. भिंत कशी, छप्पर कसं. इथलं मला काहीच दिसत नाही रे. काहीतरी बोल वाईटसाईट, म्हणजे आपलं वाटेल."

बाइंडरने भाजी बाजूला ठेवली. भिंतीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. बोलायला काही कमी नव्हतं. लिफ्ट होती, ते घुमं दार होतं, ती बाल्कनी होती. मनात एक वाक्य जमूनही आलं होतं, चांगलं होतं.

"भिंत चांगली आहे आक्का," तो म्हणाला. "सरळ आहे."

"ते मला कळतं. आणखी?"

"नळालाही पाणी चांगलं येतं."

आक्का भावाची समजूत घालावी तशी हसली. लहानपणी त्याला घास भरवताना पहिला घास ती स्वतः खाऊन दाखवायची, तसंच आताही केलं. मान ताठ केली, आवाज चढवला, थेट त्याच्याच ठसक्यात सुरुवात केली.

"घर कसलं मेलं, इस्पितळ आहे इस्पितळ. भिंती इतक्या गुळगुळीत की माझा हातसुद्धा घसरून—"

"आक्का." तो झटकन उठला. "हळू बोल. दार उघडं आहे."

ती बोलायची थांबली. जिन्यातली पावलं वर निघून गेली. बाइंडरने जाऊन दार लावलं, कडी घातली, आणि परत येऊन बघतो तर आक्का भिंतीकडे तोंड करून आडवी झाली होती.